नाइटच्या घोड्याखालची जमीन

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्ययुगीन युरोपातील नाइट आणि त्यांच्यावरची काव्ये या विषयावर पानभर लेख आला. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला एवढी जागा मिळाली याचा मनापासून आनंद झाला. लेखातील एका विधानाशी मात्र माझे भांडण आहे. लेखक म्हणतात की या काव्यांना भूगोल नसतो. किल्ला, अरण्य, पूल, पुन्हा किल्ला, सगळे नाटकाच्या पडद्यावर रंगवल्यासारखे. सोबत छायाचित्र छापले आहे ते बव्हेरियातील नॉयश्वानस्टाइन किल्ल्याचे. त्या किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले १८६९ साली, आणि लेखात ज्या काव्यांची चर्चा आहे ती त्याच्या पाचशे ते सातशे वर्षे आधीची. विधान आणि छायाचित्र ही दोन्ही एकाच समजुतीतून आली आहेत, की नाइट म्हणजे परीकथेतला स्वार आणि त्याच्या पायाखाली कुठलीही जमीन चालते.

मी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बहुतेक वर्षे वाई-जावळीकडच्या डोंगरी गावांत गेली. पदवीला इंग्रजी साहित्य घेतले होते, ते निवृत्तीनंतर पुन्हा हातात घेतले. कवितेत डोंगर, ओढा, वाट आली की पाणी कुठून कुठे उतरते, चढ कोणत्या अंगाला आहे, हे पाहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. या नजरेने वाचताना ज्या काव्याने मला धरून ठेवले ते म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात लिहिलेले ‘सर गवेन आणि हिरवा नाइट’. आपल्या लेखात त्याचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. त्याच्याबद्दल थोडे सविस्तर लिहू द्यावे.

कथा थोडक्यात अशी. नाताळात आर्थर राजाच्या दरबारात अंगापासून घोड्यापर्यंत हिरवा असलेला एक स्वार येतो आणि आव्हान देतो : माझ्यावर कुऱ्हाडीचा एक घाव घाला, वर्षभराने तोच घाव माझ्या हातून सोसा. दरबारातला नाइट गवेन घाव घालतो, हिरवा नाइट आपले तुटलेले डोके उचलतो, ‘हिरव्या चॅपेलपाशी (म्हणजे छोट्या प्रार्थनागृहापाशी) ये’ म्हणतो आणि निघून जातो. ते चॅपेल कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. पुढचे सारे काव्य म्हणजे एका माणसाने दिलेल्या शब्दासाठी एक ठिकाण शोधत जाणे.

ऑल सेंट्सचा सण झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, गवेन कॅमेलॉटहून, म्हणजे आर्थरच्या दरबाराच्या ठिकाणाहून, निघतो. कॅमेलॉट कुठे ते कवी सांगत नाही. लॉग्रेस, म्हणजे आर्थरच्या कथांमधले इंग्लंड, तेही एका शब्दात ओलांडले जाते. उत्तर वेल्सला पोचताच मात्र लिहिण्याची रीत बदलते. अँगल्सीची सगळी बेटे डाव्या हाताला ठेवून तो जातो, भूशिरांलगतचे उतार (पाण्यातून चालत पलीकडे जाण्याच्या उथळ जागा) पार करतो, ‘होली हेड’ नावाच्या जागेपाशी पाणी ओलांडतो आणि पलीकडच्या काठावर विरलच्या रानात चढतो. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात तशा या ओळी आहेत. नकाशा समोर घ्या आणि उत्तर वेल्सच्या किनाऱ्याने पूर्वेकडे बोट फिरवा : समुद्र डावीकडे, अँगल्सी डावीकडे, मग डी नदीची रुंद खाडी आणि खाडीपलीकडे विरलचे द्वीपकल्प. दिशा चुकत नाही, क्रम चुकत नाही. ही खाडी ओहोटीला मैलोन्‌मैल वाळूची होते आणि भरतीला त्याच वाळूवर पाणी धावत येते. उतार आणि वेळ ठाऊक असलेला माणूसच ती चालत ओलांडू शकतो. लिहिणाऱ्याने तो किनारा पाहिला असला पाहिजे, निदान पाहिलेल्याशी बोलला असला पाहिजे.

‘होली हेड’ कोणते, यावर वाद आहे. अँगल्सीच्या पश्चिम टोकाला होलीहेड नावाचे बंदर आहे, पण ते मार्गात बसत नाही. तिथून विरलला पाणी ओलांडून जाता येत नाही. म्हणून अनेक अभ्यासक खाडीच्या वेल्सकडच्या बाजूच्या होलीवेलकडे बोट दाखवतात. तिथे संत विनिफ्रेडचे झरे-कुंड आहे, मध्ययुगात तिथे मोठी यात्रा भरत असे. आख्यायिका अशी की विनिफ्रेडचे शिर एका राजपुत्राने उडवले, जिथे ते पडले तिथे झरा फुटला आणि तिच्या मामाने, संत ब्यूनोने, ते शिर पुन्हा धडाला जोडले. ज्या माणसाला आठ आठवड्यांत स्वतःची मान पुढे करायची आहे त्याची वाट अशा जागेवरून जाते. मला हे मत पटते. कवीने ते मुद्दाम केले असेल तर एका स्थळनामात त्याने केवढे ओझे ठेवले!

विरलबद्दल कवी म्हणतो की तिथे राहणाऱ्यांत देवाला किंवा भल्या माणसाला आवडावे असे फार थोडे. हे वाक्य कुणाला कथेतल्या रानाची ठरावीक भीती वाटेल. वस्तुस्थिती अशी की विरल त्या काळात राजाचे राखीव अरण्य होते. ‘फॉरेस्ट’ हा तेव्हा कायद्याचा शब्द होता, शिकारीसाठी राखलेला मुलूख, त्यात शेत आणि गावेही असत. आडदांड लोकांचे आश्रयस्थान म्हणून त्याची ख्याती होती. १३७६ साली तिसऱ्या एडवर्डने विरलचा अरण्याचा दर्जा काढून घेतला. काव्य साधारण त्याच पिढीतले. म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर ताजा असलेला, तंटेबखेड्यांचा, ओळखीचा मुलूख कवी घेतो आहे.

यापुढे वाटेत ड्रॅगन येतात, लांडगे येतात, रानमाणसे, अस्वले, राक्षस येतात. आपल्या लेखकाचा राग यांच्यावर असावा. पण कवी त्यांना काही ओळींत आटोपतो आणि म्हणतो की लढायांचा एवढा त्रास नव्हता, हिवाळा त्याहून वाईट होता. ढगांतून गार पाणी गळे आणि जमिनीवर पोचायच्या आत गोठे. गारठ्याने अर्धमेला झालेला गवेन उघड्या कातळांत चिलखतासकट झोपतो. वरून ओढा कोसळतो आणि डोक्यावर बर्फाच्या सुया लोंबतात. पुढे ओक, हेझल आणि हॉथॉर्नची गुंतलेली झाडी, तिच्यावर खरबरीत शेवाळ, आणि उघड्या फांद्यांवर थंडीने केविलवाणी चिवचिवणारी पाखरे. लोखंडी चिलखत हिवाळ्यात अंगावर ठेवून रात्र काढणे म्हणजे काय, याचा विचार किती नाइट-कथा करतात? मला तरी दुसरी अशी जागा सापडलेली नाही.

आणि इथे एक गोष्ट घडते, जिच्यामुळे मला हे काव्य भूगोलाच्या दृष्टीने सर्वश्रेष्ठ वाटते. विरलनंतर स्थळांची नावे थांबतात. अँगल्सी, होली हेड, विरल अशी ठिकाणे सांगत आलेला कवी एकाएकी नावे देईनासा होतो आणि त्याच वेळी जमिनीचे वर्णन मात्र अधिकाधिक नेमके होते. घळी, कडे, दलदल, ओढ्याचे काठ, सुळके, यांना तो वेगवेगळे शब्द वापरतो; त्यांतले पुष्कळ त्याच्या प्रांताच्या बोलीतले आहेत आणि काही आजही तिथल्या स्थळनामांत टिकून आहेत. भाषेच्या खुणांवरून हे हस्तलिखित ज्या बोलीत आहे ती बोली इंग्लंडच्या चेशर परगण्याच्या आग्नेय भागातली किंवा लगतच्या उत्तर स्टॅफर्डशरमधली असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे कवी स्वतःच्या घराजवळ आला तशी त्याने नावे सोडली. कारण गवेनला ती ठाऊक नाहीत. तो दरबारचा माणूस. तो ज्यांना विचारतो त्यांनीही असा हिरवा माणूस पाहिलेला नाही. आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो, म्हणून आपल्यालाही नाव मिळत नाही, फक्त दगड, पाणी आणि झाडी मिळते. मी नव्या गावात मोजणीला जाई तेव्हा पहिल्या दिवशी मलाही हेच दिसे. शिवारांची नावे नंतर कळत.

गेल्या ऑक्टोबरात मँचेस्टरला मुलीकडे होतो, तेव्हा जावयांनी मला लड्स चर्च पाहायला नेले. अनेकांच्या मते हेच काव्यातले हिरवे चॅपेल. राल्फ इलियट या अभ्यासकाने १९५८ साली हे मत जोरकसपणे मांडले. स्टॅफर्डशरच्या उत्तर टोकाला, ग्रॅडबाक नावाच्या वस्तीजवळून डेन नदीच्या खोऱ्यातून बॅक फॉरेस्टच्या चढाने वर जावे लागते. झाडीतून वाट सरळ जाते आणि अगदी जवळ पोचेपर्यंत काहीही दिसत नाही. मग डाव्या-उजव्या कातळात एक फट, आणि पायऱ्या खाली उतरतात. आत गेलो आणि माझ्या तोंडून ‘अरे, ही तर घळ!’ असेच निघाले. आपल्याकडच्या घळीला छत असते, ही वरून उघडी. लांबी शंभर मीटरपेक्षा जास्त, खोली अठरा मीटरच्या आसपास. काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही तळवे दोन्ही भिंतींना टेकतात. भिंती माथ्यापर्यंत शेवाळाने आणि नेच्यांनी मढलेल्या; पाणी सतत झिरपते, पायाखाली चिखल. बाहेर ऊन होते, आत श्वासाची वाफ दिसत होती. डोंगराच्या अंगाचा एक प्रचंड तुकडा दरीकडे सरकला आणि मागे ही भेग राहिली, अशी तिची उत्पत्ती. दगड ‘मिलस्टोन ग्रिट’ जातीचा, खरबरीत, जात्याच्या आणि धार लावण्याच्या चाकांसाठी याच डोंगरांतून शतकानुशतके काढलेला. गवेन चॅपेलपाशी पोचतो तेव्हा हिरवा नाइट दिसायच्या आधी ओढ्यापलीकडच्या कड्यातून त्याला ऐकू येते ते कुऱ्हाडीला धार लावण्याचे घरघरणे, कडा दुभंगेल असे. त्या भिंतीवर बोट फिरवताना मला ती ओळ आठवली आणि कवीला तो दगड हाताने माहीत होता याविषयी शंका उरली नाही.

तरीही मोजणीदार म्हणून सांगितले पाहिजे : वर्णन जुळत नाही. काव्यात आहे तो गवताने झाकलेला उंचवटा, एका टोकाला आणि दोन्ही अंगांना भोके असलेला, आतून पोकळ, आणि शेजारी उकळल्यासारखा फेसाळता ओढा. लड्स चर्च उंचवटा नाही, भेग आहे. आणि पाणी खाली दूर दरीत. काही अभ्यासक मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातली वेटन मिलजवळची गुहा सुचवतात, कारण तिला तोंडे अधिक आहेत आणि पाणीही जवळ आहे. मात्र गवेन स्वतः चॅपेलपाशी उभा राहून म्हणतो की ही एखादी जुनी गुहा असावी किंवा जुन्या कड्यातली भेग. कवी नायकालाच ठरवू देत नाही. माझे मत असे की त्याने त्या टापूतल्या दोन-तीन जागा एकत्र केल्या. म्हणून ‘हेच ते ठिकाण’ अशी पाटी लावण्यात मला रस नाही. टापू खरा आहे, एवढे पुरे. नववर्षाच्या सकाळी वाटाड्या गवेनला वर नेतो तेव्हा प्रत्येक डोंगराने धुक्याची टोपी घातली होती आणि धुक्याचाच झगा पांघरला होता, असे कवी लिहितो. आम्ही परतताना रोचेसच्या कड्यांवर तेच होते.

नाइट या व्यक्तिरेखेचे या सगळ्यात काय होते, हा लेखाचा खरा विषय. गवेनच्या ढालीवर पाच टोकांचा तारा आहे आणि त्याच्या पाच पाच गुणांचा कवी लांबलचक हिशोब देतो. असा परिपूर्ण माणूस ज्या वाड्यात आसरा घेतो तो रानात असूनही कॅमेलॉटइतकाच देखणा आहे, कागदातून कातरल्यासारखा. यजमान तीन दिवस शिकारीला जातो : पहिल्या दिवशी हरिणी, दुसऱ्या दिवशी रानडुक्कर, तिसऱ्या दिवशी कोल्हा. हरणांच्या शिकारीत नरांना सोडून द्यायचा हुकूम आहे, कारण त्यांचा तो बंदीचा हंगाम. हाकारे, कुत्री, मारलेल्या जनावराचे मांस कापण्याची रीत, सगळे जाणकाराने सांगावे तसे येते. डुक्कर ओढ्याच्या पात्रात शेवटचा उभा राहतो आणि यजमान तलवार घेऊन पाण्यात उतरतो. त्याच वेळी गवेन बिछान्यात आहे आणि यजमानाची पत्नी त्याच्याशी गोड बोलते आहे. एकाच्या पायाखाली डोंगर, दुसऱ्याच्या अंगाखाली उशा. आणि पडतो तो दुसरा. दिवसभरात जे मिळेल ते संध्याकाळी एकमेकांना द्यायचे असे यजमानाशी ठरले असताना, जीव वाचवेल म्हणून तिने दिलेला हिरवा पट्टा तो ठेवून घेतो आणि यजमानापासून लपवतो. हिवाळ्याने, राक्षसांनी, उपाशी प्रवासाने जे झाले नाही ते उबदार खोलीत होते. रानातला प्रवास नीट वाचल्याशिवाय या प्रसंगाचे वजन कळत नाही, आणि ‘भूगोल नसतो’ म्हटले की नेमका तोच वगळला जातो.

याच काळात लंडनमध्ये चॉसर लिहीत होता. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकातला नाइट तर जवळजवळ स्थळनामांनीच बनला आहे : अलेक्झांड्रिया, प्रशिया, लिथुएनिया, रशिया, ग्रानाडा, अल्जेसिरास, अनातोलियाचा किनारा. अल्जेसिरास पडले १३४४ मध्ये, अलेक्झांड्रियावर सायप्रसच्या राजाने हल्ला केला १३६५ मध्ये. ही खरी युद्धे आहेत. क्रेसी आणि प्वातिए या इंग्लंडच्या फ्रान्सवरच्या प्रसिद्ध विजयांची नावे या यादीत नाहीत. ती का नाहीत आणि हा माणूस धर्मयोद्धा की भाडोत्री शिपाई, यावर अभ्यासक आजही भांडतात. भांडणाचे सगळे साहित्य म्हणजे ठिकाणांची एक यादी.

लेखकाच्या बाजूने बोलायचे तर जुन्या फ्रेंच काव्यांबाबत त्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. क्रेतिएँ द त्रुआच्या नाइटांना अरण्यात शिरल्याबरोबर साहस सापडते आणि अंतर मोजायची गरज पडत नाही. पण तिथेही ब्रोसेलियांदचे अरण्य आणि त्यातला पाणी शिंपडले की वादळ उठवणारा झरा, हे ब्रिटनीतले ठिकाण म्हणून लोक ओळखत. बाराव्या शतकातला कवी वास हा ते चमत्कार शोधायला स्वतः तिथे गेला. रान पाहिले, जमीन पाहिली, चमत्कार काही दिसला नाही, आणि आपण मूर्खासारखे गेलो व मूर्खासारखे परतलो, असे त्याने आपल्या काव्यात लिहून ठेवले. कवितेतली जागा पायाने तपासायची ओढ तेव्हाही होती, हे वाचून मला फार बरे वाटले. आपल्याकडे महानुभावांच्या ‘स्थानपोथी’ने चक्रधरस्वामींची स्थाने दिशांसह नोंदवली ती चौदाव्या शतकातच, मराठी वाचकाला ही ओढ परकी वाटायचे काही कारण नाही.

हे काव्य आपल्यापर्यंत पोचले ते एकाच हस्तलिखितातून. सर रॉबर्ट कॉटनच्या संग्रहातली ती लहानशी वही, तिच्यात याच कवीची मानली जाणारी आणखी तीन काव्ये. १७३१ साली लंडनच्या अ‍ॅशबर्नम हाउसला आग लागली आणि त्या संग्रहातली कितीतरी हस्तलिखिते जळाली किंवा होरपळली. ही वही वाचली. छापून पहिल्यांदा आली १८३९ मध्ये, सर फ्रेडरिक मॅडन यांच्या संपादनाखाली. कवीचे नाव आजही कुणाला ठाऊक नाही. ज्याचे नाव, घराणे, हुद्दा काहीच उरलेले नाही, त्या माणसाबद्दल आपण थोडेफार जे सांगू शकतो ते त्याच्या बोलीमुळे आणि त्याने वर्णिलेल्या जमिनीमुळे.

लेखमालेचा पुढचा भाग आर्थरच्या कथांवरच आहे असे आपण जाहीर केले आहे. तेव्हा एवढीच विनंती की किल्ल्याच्या छायाचित्राऐवजी या वेळी गवेनच्या प्रवासाचा नकाशा छापावा. काढून देण्याची माझी तयारी आहे. त्यात उत्तर वेल्सचा किनारा, अँगल्सी, होलीवेल, डी नदीची खाडी आणि विरल ठळक असावेत. खाडीतली ओहोटीची वाळू वेगळी दाखवावी, म्हणजे उतार का लागला ते कळेल. कॅमेलॉटला ठिपका देऊ नये, कारण कवीने दिलेला नाही. विरलपासून पुढे सलग रेषा ओढू नये, तुटक ओढावी. आणि लड्स चर्चवर चॅपेलची खूण न करता डेन नदीच्या वरच्या खोऱ्याला नुसती तिरप्या रेघांची छटा द्यावी.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, वाई (जि. सातारा)